रामेश्वर बेट जगतं कशावर? आणि धनुष्कोडीला रेल्वे परत न्यावी का?

गोदाकाठ

काशी-रामेश्वर ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसली आहे की रामेश्वर हे बेट आहे, आणि तेही बहुतेक सगळं वाळूचं, हे दर्शन करून आलेल्यांच्याही लक्षात राहत नाही. जेमतेम साठ-पासष्ट चौरस किलोमीटरचं बेट. पश्चिमेला पांबन, मध्ये तंगच्चिमडम, पूर्वेला रामेश्वर शहर आणि देऊळ. तिथून आग्नेयेला वाळूची लांबलचक चिंचोळी पट्टी निघते आणि धनुष्कोडीवरून अरिचलमुनैच्या टोकाला संपते. पुढे तीसेक किलोमीटरवर श्रीलंकेचं तलैमन्नार. सर्वांत उंच जागा म्हणजे गंधमादन पर्वत. नाव पर्वत, पण ती वाळूची टेकडी आहे, उंची तीसेक मीटर.

आम्ही नुकतेच जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. नदी नाही, भाताची खाचरं नाहीत, कारखाने नाहीत. २०११ च्या जनगणनेत बेटावर ८० हजारांहून जास्त माणसं होती. ही सगळी जगतात कशावर? फक्त यात्रेकरूंवर? आणि वाळूत पाणी कुठून येतं?

दुसरा प्रश्न हा खरा धाग्याचा विषय. १९६४ च्या वादळाआधी रेल्वे थेट धनुष्कोडीपर्यंत जात होती. मार्च २०१९ मध्ये त्या सतरा किलोमीटरच्या मार्गाची नव्याने पायाभरणी झाली. पुढे राज्य सरकारने पर्यावरणाचा मुद्दा काढून विरोध केला आणि काम अडलं. माझं मत असं की रेल्वे व्हावी. पडक्या चर्चच्या सावलीत शंखशिंपल्यांची दुकानं मांडून बसलेल्या बायकांशी बोलले. नळ नाही, वीज नाही, दवाखान्यासाठी रामेश्वर गाठावं लागतं. साठ वर्षांपूर्वी या गावात स्टेशन, पोस्ट, शाळा, दवाखाना सगळं होतं. ते परत का मिळू नये? जाणकारांनी लिहावं.

वाटसरू

छान विषय. माझं सोपं उत्तर: देऊळ. देऊळ काढून घ्या, बेटावर काय उरतं? लॉज, रिक्षा, हॉटेलं, शंखांची दुकानं, पूजासाहित्य, पंडे, सगळं देवळाभोवती. मासळी वगैरे जोडधंदा.

मदुराईत_मुक्काम

वाटसरू, तुम्ही देवळाभोवतीच फिरलात म्हणून तसं दिसलं. कधीतरी पहाटे रामेश्वरच्या जेट्टीवर जा. नोकरीमुळे गेली बरीच वर्षं मी मदुराईत आहे आणि कामानिमित्त बेटावर सारखं जाणं होतं. इथे शेकडो ट्रॉलर आहेत, म्हणजे तळाशी जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी. ते आठवड्यातून तीन दिवस समुद्रात जातात, उरलेले दिवस लहान होड्यांचे. ही वाटणी जुनी आहे, भांडणातून ठरलेली, आणि अजून बऱ्यापैकी पाळली जाते. ट्रॉलर परतले की कोळंबी, खेकडे, माकुल, तारली असे ढीग लागतात आणि उरलेली बारीक मासळी टोपल्या भरभरून फिशमीलसाठी (मासळीच्या पुडीसाठी) जाते. बर्फाचे कारखाने, डिझेल, जाळी विणणारे, सुकी मासळी, निर्यातीसाठी खेकडा सोलणाऱ्या बायका. १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची बंदी असते, तेव्हा बाजाराची रया जाते, देवळात सुट्टीची गर्दी असूनही.

आणि शेती नाही असं नका म्हणू. तंगच्चिमडमला मोगऱ्याची रोपं तयार होतात. मदुराईचा मोगरा जगभर जातो, पण त्याची रोपं बरीचशी या बेटाच्या वाळूत मुळं धरतात. हलकी जमीन, पाणी साचत नाही, फांदी लावली की चटकन रुजते. ओल्या वाळूच्या वाफ्यात हारीने खोचलेल्या, बोटभर लांबीच्या हजारो काड्या. मुळं फुटली की जुड्या बांधून ट्रकने बाहेर. शिवाय नारळ आहे, ताड आहे. ताडगोळे आणि ताडाचा गूळ यावर जगणारी घरं आहेत.

खवय्या_नं_१

धागा वाचनखूण केला आहे. तज्ज्ञ येईपर्यंत एवढंच विचारतो, रामेश्वरला जेवायचं कुठे? आमच्या घरात यात्रेचा बेत आधी जेवणावरून ठरतो, मग देवावरून.

अंजनवेल

खवय्या, देवळाच्या आसपास मराठी पाट्या लावलेल्या खानावळी सापडतात, पोळी-भाजी-वरण-भात मिळतो. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांच्या बसेस येतात, त्याचा परिणाम. पण एक वेळ तरी केळीच्या पानावर तिथलं जेवण जेवा.

झरा

पाण्याचा प्रश्न माझ्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाळूच्या बेटावर गोडं पाणी मिळतं याला कारण वाळूच आहे. काळी किंवा चिकण जमीन असती तर पावसाचं पाणी वाहून समुद्रात गेलं असतं. वाळूत ते सरळ खाली मुरतं. खाली चहूबाजूंनी शिरलेलं खारं पाणी असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते त्यावर तरंगत राहतं, वरणावर तूप तरंगावं तसं. मध्यभागी थर जाड, कडेला पातळ. ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी सापडतं. पण हिशोब उलटाही चालतो. वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर चढतं. म्हणून तिथे खोल बोअर मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने विहीर खारी करणं.

धनुष्कोडीच्या बायकांना हे शास्त्र पाठ आहे. त्या हातानेच वाळूत दोन-चार फुटांचा खड्डा करतात, पाणी झिरपायची वाट बघतात आणि वाटीने किंवा करवंटीने वरचं वरचं पाणी अलगद घागरीत भरतात. घाईने उपसलं तर गढूळ आणि मचूळ येतं, हे त्या पोरींनाही शिकवतात. समुद्र पन्नास पावलांवर असतो आणि खड्ड्यातलं पाणी गोडं लागतं.

देवळातली बावीस तीर्थंही याच थरावरच्या विहिरी. कठड्यावर उभा राहून दोराला बांधलेली बादली टाकणारा आणि क्षणात ओढून भाविकाच्या डोक्यावर रिकामी करणारा माणूस आपण बघतो, पण समुद्राच्या इतक्या जवळ इतक्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं, हे मला जास्त नवलाचं वाटतं. विल्लूंडीतीर्थ तर समुद्राच्या पाण्यातच आहे. आता शहराची तहान त्यावर भागत नाही, मुख्य भूमीवरून कावेरीचं पाणी नळाने येतं. लॉज वाढले तशी बोअर वाढली, माझी खरी काळजी ती आहे. पाऊस तिथे मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमीचा. ते तीन महिने कोरडे गेले तर पुढचं वर्षभर थर भरायला दुसरं काही नाही.

गोदाकाठ

झरा, किती स्पष्ट लिहिलंत! मी तो खड्डा पाहिला होता, पण तिथे काय चाललंय ते विचारायला भाषा अपुरी पडली. वरणावरचं तूप आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

खवय्या_नं_१

वरण-तुपाने भूक लागली, पण पहिल्यांदाच भूगोल कळला.

निवृत्त_रेल्वेवाला

मी दक्षिण रेल्वेत नव्हतो, पण पुलांवर आयुष्य गेलं. पांबनचा पूल आमच्यासाठी तीर्थच. त्याबद्दल आणि मूळ प्रश्नाबद्दल लिहितो.

जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीला खुला झाला. लांबी दोन किलोमीटरच्या किंचित वर, १४५ खांब. मधला शेर्झर गाळा दोन पाखांचा, जहाज आलं की दोन्ही पाखं वर उचलली जात. हे काम माणसं हाताने लिव्हर फिरवून करत. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होई आणि गाडी मंडपमला किंवा पांबनला थांबून राही. दोन्ही बाजूंनी खारा वारा, त्यामुळे रंग आणि गंज यांची लढाई बारमाही. २००७ मध्ये त्याच पुलावर मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबवल्या आणि शेजारी बांधलेल्या नव्या पुलाचं उद्घाटन ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीला झालं. नव्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा आडवाच्या आडवा सतरा मीटर वर उचलला जातो. दरम्यान रस्त्याचा पूल १९८८ पासून आहेच. त्याआधी गाडी-मोटारीने बेटावर जायची सोयच नव्हती, रेल्वे किंवा होडी.

आता १९६४. २२ डिसेंबरच्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर स्टेशनाच्या अलीकडे लाटेखाली गेली. आतली शंभराहून जास्त माणसं, एकही वाचलं नाही. पांबन पुलाचे १२६ गर्डर (लोखंडी तुळया) वाहून गेले, पण शेर्झर गाळा टिकला. दुरुस्तीला सहा महिने दिले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले आणि काम ज्यांच्याकडे होतं त्या तरुण ई. श्रीधरन यांनी समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून, पुन्हा बसवून ४६ दिवसांत पूल उभा केला. ते पुढे कोकण रेल्वेमुळे आपल्या घराघरांत माहीत झाले.

पूल ४६ दिवसांत झाला. मग धनुष्कोडीची लाइन का नाही झाली? रेल्वेला ती जमली नसती असं नाही. ती लाइन धनुष्कोडी गावासाठी कधी नव्हतीच, ती जहाजासाठी होती. मद्रासहून बोट मेल निघायची, धनुष्कोडीच्या धक्क्यावर प्रवासी उतरून आगबोटीत चढायचे, तलैमन्नारला उतरून तिथून कोलंबोची गाडी. एकाच तिकिटावर. स्टेशन, कस्टम, पोस्ट, बंदर कार्यालय, हे सगळं त्या आगबोटीच्या वेळापत्रकावर उभं होतं. वादळाने धक्का गेला, फेरी रामेश्वरहून सुटू लागली, धनुष्कोडीचं काम संपलं. पुढे श्रीलंकेतल्या यादवीत, १९८० च्या दशकात, रामेश्वरची फेरीही बंद झाली.

म्हणून गोदाकाठ, मला तुमचा प्रस्ताव अर्धा वाटतो. जहाज नसेल तर रेल्वे टोकाला जाऊन करणार काय?

वाटसरू

पर्यटक! रोज हजारो लोक अरिचलमुनैला जातात. २०१७ मध्ये रस्ता टोकापर्यंत झाल्यावर गर्दी किती पटींनी वाढली बघा. त्याआधी वाळूतून व्हॅन हादरत जायच्या, म्हाताऱ्या माणसांचे हाल. रेल्वे झाली तर अजून सोय.

कावेरीतीर

नमस्कार. मी तंजावूरची, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात.

रामेश्वर आमच्या राजांसाठी फार महत्त्वाचं. तंजावूर ते रामेश्वर या वाटेवर भोसले राजांनी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधली, यात्रेकरूंसाठी. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०२ मध्ये उभारलं. छत्रात नुसतं जेवण नसायचं, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची सोय, अनाथ पोरांचं शिक्षणही व्हायचं. उत्तरेतून चालत आलेला माणूस शेवटच्या टप्प्यात कोरड्या किनाऱ्यावर यायचा, तिथे त्याला जगवायचं काम ही छत्रं करत. बेट आणि त्याच्या समोरचा किनारा मात्र रामनाडच्या सेतुपती राजांचा. देवळाचा प्रसिद्ध तिसरा प्राकार, म्हणजे हजारांवर खांबांची फिरती ओसरी, अठराव्या शतकात त्यांच्याच घराण्याने पूर्ण केली. वाळूवर एवढा दगड, आणि बेटावर तसला दगड नाही, तो पाण्यावरून आणलेला.

आणि एक, तुम्हा सर्वांना आवडेल असं. रामेश्वरच्या गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी परंपरेने मूळच्या महाराष्ट्रीय घराण्यांतले आहेत, शृंगेरी पीठाची दीक्षा घेतलेले. त्यामुळे महाराष्ट्रातला यात्रेकरू तिथे अगदीच परका नव्हता.

अंजनवेल

कावेरीतीर, हे माहीत नव्हतं, मनापासून आभार.

यात्रेबद्दल माझी भर. जुनी रीत अशी: आधी रामेश्वरला जायचं, सेतूची वाळू घ्यायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, तिथून गंगा घेऊन परत रामेश्वरला येऊन अभिषेक करायचा. मग यात्रा पुरी. नाथमहाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाटेत उन्हाने वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. झरा यांचा प्रतिसाद वाचल्यावर ही गोष्ट मला वेगळी लागली. ज्या बेटावर एक घागर गोडं पाणी मिळवायला अर्धा तास वाळूत बसावं लागतं, तिथे हजार कोसांवरून आणलेल्या त्या कावडीचं मोल काय असेल!

वाटसरू

अंजनवेल, सुंदर. म्हणजे बेटावरून निर्यात वाळू, आयात गंगा. यात्रा अर्थव्यवस्था हीच खरी, हे माझं म्हणणं सिद्ध झालं की!

मदुराईत_मुक्काम

वाटसरू, तुम्ही चिकाटीचे आहात, मान्य. पण यात्रेचा पैसा ठरावीक गल्ल्यांत फिरतो. पांबनच्या चिन्नपालमसारख्या वस्तीत जाऊन बघा. तिथल्या बायका समुद्री शेवाळ गोळा करतात. डोळ्यांना गॉगल, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण खडकावरून शेवाळ ओरबाडताना कातडी सोलते, आणि पोहताना जोर मिळावा म्हणून पायाला ॲल्युमिनियमच्या ताटल्या बांधलेल्या. श्वास धरून बुडी, मूठभर शेवाळ, कमरेच्या पिशवीत, परत वर. त्यापासून अगार हा जेलीसारखा पदार्थ बनतो, जो आइस्क्रीमपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडे लागतो. साधारण २००० नंतर बांबूच्या तराफ्यांवर लागवडही सुरू झाली. बारा बाय बारा फुटांचा तराफा, दोरीला बियाणाचे तुकडे बांधायचे, ४५ दिवसांत तोडणी. हातात नियमित पैसा आला हे खरं. पण ते शेवाळ परदेशी जातीचं, आणि जवळच्या कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवतं हेही दिसून आलं.

अडचण अशी की मन्नारच्या आखातातली २१ बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहेत. ज्या खडकांवर या बायकांच्या आज्या शेवाळ काढत, तिथे आता जायला बंदी. प्रवाळ वाचायला हवेत, यात शंका नाही. पण बंदीची किंमत बुडी मारणाऱ्या बाईनेच का भरायची? ताटल्या बांधून जाणाऱ्या बाईने समुद्राचं जेवढं नुकसान केलं असेल, त्याच्या कितीतरी पट तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी केलं आहे.

दर्यासारंग

मदुराईत_मुक्काम, शेवटचं वाक्य लाखातलं. मी रायगडचा, घर मासेमारीचं. आमच्याकडे बंदी १ जून ते ३१ जुलै. पर्ससीनवाले (मोठं जाळं गोल टाकून अख्खा थवा पकडणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण आम्ही रोज जगतो, म्हणून रामेश्वरची बातमी आली की वाचतोच.

बातमीत नेहमी एकच बाजू येते: श्रीलंकेच्या नौदलाने आपले मच्छीमार पकडले. पकडलेल्याच्या घरी काय होतं ते आम्हाला माहीत आहे, आमच्याकडचे लोक पाकिस्तानच्या तुरुंगात राहून आलेत. तरी दुसरी बाजू ऐका. भारत आणि श्रीलंकेमधला पाल्कचा उपसागर उथळ, अरुंद. १९७४ आणि १९७६ च्या करारांनी समुद्रात रेघ पडली, कच्चतीवू श्रीलंकेकडे गेलं. २८५ एकरांचं ते बेट, गोडं पाणी नाही, सेंट अँटनीच्या जत्रेला दोन्हीकडचे लोक जमतात. आपल्याकडे ट्रॉलर वाढत गेले, आपल्या बाजूचा तळ खरवडून झाला, मग कोळंबी पलीकडे. यादवीच्या काळात तिकडच्या मच्छीमारांना समुद्रात उतरायचीच मुभा नव्हती, तेव्हा आपल्या ट्रॉलरना रान मोकळं. युद्ध २००९ मध्ये संपलं, जाफन्याचे तमिळ मच्छीमार लहान होड्या घेऊन परत आले, तर रात्री आपले ट्रॉलर त्यांची जाळी कापून जातात. तेही तमिळ, तेही गरीब. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळाच्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे खोल समुद्रातल्या टूनाच्या बोटी द्यायची योजना आली, पण तीन दिवस आठवड्याला जाऊन घरी येणाऱ्या माणसाने एकदम महिनाभराची समुद्रसफर करायची, कर्ज डोक्यावर घेऊन, हे सोपं नाही.

व्यवस्थापक

चर्चा उत्तम चालू आहे. रामसेतू मानवनिर्मित की नैसर्गिक, यावर स्वतंत्र धागा आहे. इथे तो विषय नको, दोन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

पाणपक्षी

वाद टाळून फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहितो. अरिचलमुनैच्या टोकावर उभं राहिलं की डावीकडे पाल्कचं पाणी, शांत, मातकट हिरवं; उजवीकडे मन्नारचं आखात, निळं आणि उसळतं. टोकाची वाळू ऋतूप्रमाणे जागा बदलते. नैऋत्य मोसमीत वारा आणि प्रवाह वाळू एका बाजूला रेटतात, ईशान्य मोसमीत दुसऱ्या. पुढे तलैमन्नारपर्यंत अशाच वाळूच्या चपट्या बेटांची आणि उथळ जागांची ओळ. २०२२ मध्ये आर्थिक संकटाने श्रीलंकेत हाहाकार उडाला तेव्हा होडीवाल्यांनी बायकापोरांसह कुटुंबं याच वाळूच्या ढिगांवर सोडली होती. ना सावली, ना पाणी. आपल्या तटरक्षक दलाने त्यांना उचलून आणलं.

हिवाळ्यात धनुष्कोडीच्या वाटेवर, कोदंडरामस्वामी देवळाच्या आसपासच्या खाजणात रोहित पक्षी उतरतात. १९६४ च्या वादळात टिकलेलं हेच ते देऊळ. जून २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने धनुष्कोडीचा पाचशेहून जास्त हेक्टरांचा पट्टा रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केला. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. रेल्वेचा भराव या सगळ्याच्या मधून जाणार. माझं मत स्पष्ट आहे: रेल्वे नको.

गोदाकाठ

पाणपक्षी, पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर होतं, मग माणसांसाठी नळ का नाही? मला तिथल्या बायकांचं काय, ते सांगा. वादळानंतर सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. तरी मच्छीमार कुटुंबं परतली, कारण मासळी तिथे आहे. साठ वर्षं ती तिथेच झोपड्यांतून राहतात. ‘अयोग्य’ ठरवून त्यांना वीज-पाणी नाकारायचं आणि त्याच जागी रस्ता करून लाखो पर्यटक न्यायचे, हे कसं चालतं?

पाणपक्षी

हा प्रश्न रास्त आहे आणि माझं तुमच्याशी पूर्ण दुमत नाही. त्यांना पाणी, सौर वीज, फिरता दवाखाना, वादळात आसरा देणारी पक्की इमारत, हे सगळं मिळायला हवं. त्यासाठी रेल्वे लागत नाही.

झरा

भरावाबद्दल एक मुद्दा. त्या पट्टीची रुंदी काही ठिकाणी फारच कमी. मोठ्या वादळात लाट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरते, सोबत वाळू आणते, आणि पट्टी टिकते ती त्यामुळेच. मध्ये उंच भराव घातला की लाट अडते, एका बाजूची वाळू खरवडली जाते आणि गोड्या पाण्याचा पातळ थरही तुटतो. रस्त्यावरसुद्धा जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात वाळूचे ढीग येऊन पडतात, ते यंत्राने सारावे लागतात.

निवृत्त_रेल्वेवाला

झरा यांचं म्हणणं बरोबर. जुनी लाइन साधी होती, जमिनीलगत, वाळू आली की गँगमन फावड्याने काढत. आजच्या नियमांनी आणि वेगाने बांधायची तर भराव तरी उंच हवा, नाहीतर लांबच्या लांब खांबांवर न्यावी लागेल. खांबांवर नेली तर वाळू-पाणी खालून मोकळं राहील, पण खर्च असा वाढेल की दिवसाला चार गाड्यांसाठी कोणी मान्य करणार नाही. जहाज असेल तरच तो हिशोब जुळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते श्रीलंकेतलं कांकेसंतुरै अशी फेरी सुरू झाली. उद्या रामेश्वर-तलैमन्नार फेरी सुरू झाली तरी ती रामेश्वरच्या जेट्टीवरून सुटू शकते, आणि तिथे स्टेशन आहेच.

कावेरीतीर

फेरी सुरू व्हावी हे मात्र मनापासून वाटतं. आमच्या आजोबांच्या पिढीला कोलंबो हे मुंबईपेक्षा जवळचं शहर होतं. माणसं नोकरीला जात, सणाला बोट मेलने परत येत. विवेकानंदही १८९७ मध्ये श्रीलंकेहून येऊन पांबनलाच उतरले, सेतुपती राजे स्वागताला गेले होते. हे बेट देशाच्या टोकाला आहे असं आता म्हणतात, तेव्हा ते वाटेवर होतं. वाट बंद झाली म्हणून टोक झालं.

दर्यासारंग

कावेरीतीर, हे पटलं. आणि होडीचा धंदा पण त्याच वाटेवर होता. डॉ. कलामांचे वडील रामेश्वर-धनुष्कोडी यात्रेकरू ने-आण करायची होडी चालवत, ती एका वादळात गेली. आज होडीवाल्याला एकच काम उरलंय, मासे. फेरी, मालवाहतूक, पर्यटकांच्या लहान होड्या, अशी चार कामं उभी केली तर ट्रॉलर कमी करायला लोक स्वतः तयार होतील. नुसतं ‘पलीकडे जाऊ नका’ सांगून पोट भरत नाही.

वाटसरू

म्हणजे शेवटी येणारे-जाणारे लोक हीच कमाई. मी देऊळ म्हणालो, तुम्ही वाट म्हणताय.

मदुराईत_मुक्काम

वाटसरू, यावर आपलं जमलं. फक्त मोगऱ्याची रोपं विसरू नका.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचून माझी मागणी बदलून लिहिते. रामेश्वरहून टोकापर्यंत दर अर्ध्या तासाने लहान बस, खासगी गाड्या कोदंडराम देवळाशीच थांबवाव्यात, आणि तिकिटाच्या पैशातला ठरावीक वाटा धनुष्कोडीच्या वस्तीच्या पाण्यासाठी. दुकानं लावण्याचा पहिला हक्क तिथल्याच कुटुंबांना. आणि रेल्वेचा पैसा रामेश्वरच्या फेरी धक्क्याकडे. झरा, अशा वस्तीला पावसाचं पाणी साठवून वर्षभर पुरवता येईल का?

झरा

येईल. छपरं पक्की हवीत, झापाच्या छपरावरून पाणी धरता येत नाही. तिथल्या पावसात पक्क्या छपराच्या एका सामाईक इमारतीवरून पिण्यापुरतं पाणी नक्की साठेल. तीच इमारत वादळात आसरा म्हणून वापरता येईल. टाकी मात्र जमिनीच्या वर हवी आणि घट्ट बांधलेली. आकडेमोड करून उद्या इथेच टाकते.

खवय्या_नं_१

आमचं तिकीट निघालं, फेब्रुवारीत जातोय. मदुराईत_मुक्काम, मोगऱ्याची रोपं पुण्यापर्यंत आणता येतील का? आणि धनुष्कोडीला जेवणाचं काय?

मदुराईत_मुक्काम

रोपं येतील, मुळं ओल्या गोणपाटात बांधून घ्या आणि परतीच्या दिवशीच उचला. धनुष्कोडीला वस्तीतल्या बायका झोपडीत तव्यावर ताजा मासा तळून देतात, सोबत भात आणि रस्सा. दुपारी बाराच्या आत पोचा, नंतर संपतो. पिण्याचं पाणी स्वतःचं न्या, त्यांच्या घागरीतलं मागू नका.